थापी घेताना मान बघ

गवंडीकामाची थापी घ्यायला निघालाच आहेस, तर भाव विचारायच्या आधी ती हातात धर आणि मान बघ. पात्यातून मुठीकडे जाणारा तो वाकडा दांडा पात्याशी एकसंध घडवलेला असेल तर थापी वर्षानुवर्षं टिकते. वेल्डिंगचा ठिपका दिसला तर ठेवून दे. धारेने वीट तोडायला लागलास की ताण नेमका तिथेच येतो. मग पातं नाण्याने वाजव. चांगलं पोलाद खणखणतं, पत्र्याचा आवाज बद्द येतो. टोक जमिनीला टेकवून हलकेच दाब. पातं किंचित लवून परत सरळ झालं पाहिजे. वाकलेलं तसंच राहिलं तर घेऊच नकोस, कितीही स्वस्त देत असले तरी.

मूठ लाकडीच घे. आपल्या सोलापूरच्या मे महिन्यात उन्हात पडलेलं लोखंड हातात धरवत नाही. शिवाय मूठ पात्यापेक्षा वर उचललेली हवी, नाहीतर बोटांची सालटी विटेवर निघतात.

वीटकामाला सुरुवातीला 8 इंची पुरे. 10 इंचीवर मसाला, म्हणजे कालवलेलं सिमेंट-वाळू, जास्त बसतो, पण नवख्याचं मनगट भरून येतं. शहाबादी फरशीचे सांधे भरायला मात्र लहान, अरुंद थापी वेगळी ठेव. मोठीने सिमेंट फरशीभर पसरतं आणि ते डाग सहजी निघत नाहीत.

मंगळवार पेठेत दोन-तीन दुकानं फिर, जमल्यास एखादा जुना गवंडी सोबत ने. उन्हात मसाला लवकर आवळतो, म्हणून काम चालू असतानाही थापी मधूनमधून पाण्यात बुडवत जा. संध्याकाळी धुऊन, कोरडी पुसून तेलाचा हात फिरव.