स्केल पाठ आहे, पण सोलो काहून जमत नाही?

प्रश्न : नमस्कार भाऊ, मी दर्यापूर तालुक्यातला, घरी कापसाची शेती आहे, मोबाईलवर पाहू पाहू गिटार शिकलो. ए मायनर पेंटॅटॉनिक या पाच सुरांच्या स्केलचा पाचव्या फ्रेटवरचा (गिटारच्या गळ्यावरच्या पाचव्या पट्टीवरचा) बॉक्स, म्हणजे बोटांचा ठरलेला साचा, मले लाईन गेली तरी अंधारात वाजवता येते, पण बॅकिंग ट्रॅक (साथीचं रेकॉर्डिंग) लावला की नुसतं वर-खाली वर-खालीच होते, ब्लूज (अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांचं गाणं) वाटतच नाही. आता अजून कोणतं स्केल शिकू?

उत्तर : सध्या कोणतंच नको शिकू भाऊ. तुझ्याजवळ ए, सी, डी, ई, जी हे पाच सूर आहेत, म्हणजे पेटीवर पांढरी सहाचा सा धरून धानी रागाचे सूर, त्यात पाचव्या तारेवर (तारा बारकीपासून मोजायच्या) सहावा आणि तिसऱ्या तारेवर आठवा फ्रेट टाकला की ई फ्लॅट, म्हणजे ई पेक्षा अर्धा सूर खालचा, मिळतो आणि ब्लूज स्केल पूर्ण होते. एवढ्यावर लोकांनी जन्म काढला. (ब्लूजचा नावाजलेला गिटारवाला बी. बी. किंगही लहानपणी मिसिसिपीत कापूस वेचत होता, म्हणजे त्या बाबतीत तुझी तयारी आधीच झालेली आहे.)

अडचण कुठे आहे तर तू थांबतच नाहीस. ब्लूजच्या गाण्यात बहुतेक वेळा पहिली ओळ म्हणतात, तीच परत म्हणतात, मग तिसरी ओळ त्याचं उत्तर देते, प्रत्येकीला चार बार (एक बार म्हणजे चार मात्रा), असे बारा, आणि त्या चारातले साधारण दोन-अडीच बार गायक गातो, उरलेल्यात गिटार बोलते. आपल्या भजनात बुवा ओळ टाकतो आणि मंडळी उचलते ना, तसंच. म्हणून दोन बार वाजव, दोन बार गप्प राहा. आधी तोंडाने गुणगुण मग बोट लाव, म्हणजे श्वास घ्यायला थांबावंच लागते आणि वाक्य आपोआप तुटते.

आता कॉर्ड, म्हणजे साथीला एकत्र वाजणारे सूर. पहिले चार बार ए सेव्हन, मग दोन डी सेव्हन, दोन ए सेव्हन, आणि शेवटी ई, डी, ए, ई एकेक बार. गंमत अशी की ए सेव्हनमध्ये सी शार्प (सी पेक्षा अर्धा सूर वरचा) आहे आणि तुझ्या स्केलमध्ये साधा सी, ही टक्करच ब्लूजचा जीव आहे. पहिल्या तारेवरचा आठवा फ्रेट दाबून तार थोडीशीच ओढ, पूर्ण सी शार्पपर्यंत नेऊ नको, मधेच कुठेतरी सोड. नाहीतर तिसऱ्या तारेवर पाचव्यावरून सहाव्यावर हॅमर कर (तार पुन्हा न छेडता दुसरं बोट आपट) आणि चौथ्या तारेच्या सातव्यावर ए धरून थांब, लगेच फरक ऐकू येईल. डी सेव्हन आला की तोच सी सरळ वाजव, तिथे तो कॉर्डचाच सूर आहे, ओढायची गरज नाही. ई सेव्हनवर चौथ्या तारेचा सहावा फ्रेट म्हणजे जी शार्प चाखून पाहा, बॉक्सच्या बाहेरचा आहे पण गोड लागते. ई फ्लॅटवर मात्र मुक्काम करायचा नाही, डी नाहीतर ई कडे जाता जाता फक्त घासून जायचं, नवीन पोरं तिथेच बसून राहतात आणि मग कानाले टोचते.

बॅकिंग ट्रॅकही काही दिवस बंद ठेव, स्वतःच शफल (ब्लूजचा झुलता ठेका) वाजवून मोबाईलवर रेकॉर्ड कर अन् त्यावर सोलो घे, कॉर्ड कधी बदलते ते हातालाच कळायला लागते. फक्त ए, सी, डी या तीन सुरांत पूर्ण बारा बार काढून दाखव मले, मग मेजर पेंटॅटॉनिकचं बोलू, तो तसाही हाच बॉक्स तीन फ्रेट खाली, म्हणजे खुंट्यांकडे, सरकवला की होते.

प्रश्न : दादा, माझी अकौस्टिक आहे, बेंड करताना (तार ओढून सूर चढवताना) बोटं सोलतात पण सूर काही चढत नाही. (सिंदेवाही)

उत्तर : अकौस्टिकची तिसरी तार बहुतेक गुंडाळलेली असते, ती पूर्ण सूर ओढणं कोणालाही जड जाते, तुझी काही चूक नाही. तिथे बेंडऐवजी सातव्यावरून नवव्यावर स्लाईड मार, म्हणजे बोट तारेवरून न उचलता घसरत ने. पहिल्या-दुसऱ्या तारेवर ओढताना तिसऱ्या बोटामागे दुसरं बोटही लाव, जोर मनगटाचा असू दे. आणि तारा बदलशील तेव्हा दुकानात एक्स्ट्रा लाईट (बारीक तारांचा) सेट माग.