तीन पिवळी कार्डं आणि वहीतला एक आकडा

प्रश्न : माझा मुलगा पंधरा वर्षांचा आहे. 2006 च्या फुटबॉल वर्ल्ड कपमधल्या एका सामन्याची चित्रफीत पाहून त्याने विचारलं, "बाबा, दुसऱ्या पिवळ्या कार्डाला खेळाडू बाहेर जातो ना? मग याला तीन कशी दाखवली?" मला सांगता येईना. पंचाने पैसे खाल्ले असतील, असं म्हणून मी वेळ मारून नेली. खरं काय झालं होतं?

उत्तर : आधी ते पैशांचं बोलणं मुलापाशी मागे घ्या, ही विनंती. पंच चुकला की पहिला संशय त्याच्या खिशावर घेतला जातो. मी अठरा वर्षं शिट्टी वाजवली आहे, त्यामुळे हे मला फार लागतं.

तो पंच म्हणजे इंग्लंडचा ग्रॅहम पोल. वयाच्या सतराव्या वर्षी पंच झालेला. लंडनचं जुनं वेम्बली मैदान पाडण्यापूर्वीची एफए कप या इंग्लंडमधल्या स्पर्धेची शेवटची फायनल 2000 मध्ये त्यानेच घेतली, 2005 मध्ये लिस्बनला झालेली यूएफा कप या युरोपातल्या क्लबांच्या स्पर्धेची फायनलही त्याचीच. 2006 ला जर्मनीत आला तेव्हा वर्ल्ड कपच्या अंतिम सामन्यासाठी त्याचं नाव चर्चेत होतं.

22 जून, स्टुटगार्ट. क्रोएशिया विरुद्ध ऑस्ट्रेलिया. शेवटची पाच-सात मिनिटं म्हणजे नुसती आग. 85 व्या मिनिटाला क्रोएशियाचा शिमिच बाहेर, 87 व्या मिनिटाला ऑस्ट्रेलियाचा एमर्टन बाहेर. क्रोएशियाचा बचावपटू योसिप शिमुनिच याला 61 व्या मिनिटाला पहिलं पिवळं कार्ड मिळालेलं होतं. 90 व्या मिनिटाला दुसरं मिळालं, तरी तो मैदानातच! 93 व्या मिनिटाला तिसरं दाखवलं, तेव्हा कुठे लाल कार्ड वर गेलं.

घोटाळा झाला तो वहीत. शिमुनिचचा नंबर 3, आणि ऑस्ट्रेलियाच्या क्रेग मूरचाही 3. पोलने कार्ड योग्य माणसाला दाखवलं, पण एकदा ते लिहिलं ऑस्ट्रेलियाच्या रकान्यात. शिमुनिच जन्माने कॅनबेराचा, इंग्रजी बोलायचा ते ऑस्ट्रेलियन ढंगात. त्याच्या बोलण्याने आपली गल्लत झाली, असं पोलने पुढे सांगितलं. मला हे पटतं. धाप लागलेली असते, चार जण अंगावर येऊन ओरडत असतात, आणि त्यात दोन सेकंदांत एक आकडा लिहायचा असतो.

माझ्याकडूनही असं झालं आहे. एका सामन्यात पावसाने नोंदीच्या कार्डावरची शाई पसरली आणि माझा 3 अहवालात 8 झाला. ज्याने काहीच केलं नव्हतं तो मुलगा पुढच्या सामन्याला बाहेर बसला. त्याचा चेहरा अजून डोळ्यांपुढे येतो.

पण पोलची बाजू घेताना एक गोष्ट मी लपवणार नाही. पेनल्टी होती की नव्हती, हा नजरेचा प्रश्न. त्यात दोन मतं असू शकतात. दुसऱ्या पिवळ्या कार्डाला लाल, हा नियम. त्यात मत चालत नाही. म्हणून ही चूक मोठीच. शिवाय त्या स्पर्धेत पंचांच्या कानात बोलण्याचं यंत्र होतं. दोन सहायक पंच, एक चौथा पंच, आणि तीन मिनिटांत कोणीच त्याला सांगितलं नाही! तरीही पोलने दोष सहकाऱ्यांवर ढकलला नाही. मैदानावर पंच मी होतो, चूक माझी, अशीच त्याची भूमिका राहिली. त्यानंतर आंतरराष्ट्रीय स्पर्धांतून तो स्वतःहून बाजूला झाला.

सामना 2-2 सुटला आणि ऑस्ट्रेलिया पुढच्या फेरीत गेला, म्हणजे निकालावर त्या कार्डाचा परिणाम झाला नाही. वाद मात्र पोलला नवे नव्हते. एप्रिल 2000 मध्ये एव्हर्टन-लिव्हरपूल या इंग्लिश क्लबांच्या सामन्यात लिव्हरपूलच्या गोलरक्षकाने मारलेला चेंडू एव्हर्टनच्या हचिसनच्या पाठीवर आपटून लिव्हरपूलच्याच जाळ्यात गेला आणि त्याच क्षणी पोलने गोल न देता सामना संपवला. एव्हर्टनवाल्यांना ते अजून पचलेलं नाही. 2006 च्या नोव्हेंबरात त्याने चेल्सीच्या जॉन टेरीला बाहेर काढलं, त्यावरूनही बरंच वाजलं. मे 2007 मध्ये नव्या वेम्बलीवर डर्बी आणि वेस्ट ब्रॉम या क्लबांमधली प्ले-ऑफ, म्हणजे वरच्या लीगमध्ये जाण्यासाठीची फायनल घेऊन तो थांबला. वय अवघं 43.

प्रश्न : मुलीला पंच व्हायचं आहे. पुढच्या महिन्यात तिचा पहिला सामना. कार्डांची नोंद चुकू नये म्हणून काय करावं?

उत्तर : तिचं मनापासून अभिनंदन! आधी संघ लिहायचा, मग नंबर, मग मिनिट, हा क्रम हाताला लागू द्या. दोन्ही संघांना नोंदीच्या कार्डाच्या दोन बाजू द्यायच्या, एकाच बाजूला दोन रकाने नकोत. लिहून झालं की नंबर आणि जर्सीचा रंग मोठ्याने म्हणायचा: "निळा, तीन." सहायक पंचाला ते ऐकू गेलं पाहिजे. समोर कोणी कितीही आरडाओरडा करो, हे होईपर्यंत खेळ सुरू करायचा नाही. आणि पेन नको, पेन्सिल द्या. दोन द्या, एक मोज्यात खोचलेली.