नोकरी लागली, पेढे वाटले, मग खुश का नाही?

प्रश्न: ताई नमस्कार, मी सोलापूरच्या पूर्व भागातली, वय २७. घरी तेलुगू, शाळा मराठी. आईने विड्या वळून शिकवलं, मागच्या वर्षी सरकारी ऑफिसात क्लार्क म्हणून लागले, अख्ख्या गल्लीत पेढे वाटले. आता सगळं छान पाहिजे ना, पण रोज सकाळी पोटात गोळा येतो. वाटतं चुकून सिलेक्शन झालंय, एक दिवस सगळ्यांना कळणार की हिला काही येत नाही. टिपणी लिहिली की चार चार वेळा खोडते आणि साहेबांनी लाल पेनाने एक शब्द जरी बदलला तरी रात्रभर तेच डोक्यात. यंदा गड्ड्याच्या जत्रेत आई हौसेने मला पाळण्यात घेऊन बसली, वर गेल्यावर पण मला सोमवारची फाईलच दिसत होती. आईने एवढं केलं आणि मला साधं खुश राहता येत नाही, मी कृतघ्न आहे का?

उत्तर: नाही गं. कृतघ्न माणूस असली पत्रं लिहीत बसत नाही.

आधी ते "चुकून सिलेक्शन" बघू. घरी तेलुगू बोलणारी पोरगी मिनिटाला ३० शब्दांची मराठी टायपिंगची परीक्षा पास होते, लेखी पेपर सोडवते, मेरिटमध्ये येते, यात चुकून काय झालं ते मला दाखव. पेपर तपासणाऱ्याला तुझं नाव तरी माहीत होतं का? आणि हे वाटणं काही तुझ्या एकटीचं नाही. १९७८ मध्ये पॉलिन क्लान्स आणि सुझान आइम्स या अमेरिकेतल्या दोन मानसशास्त्रज्ञांनी शिकलेल्या, नाव कमावलेल्या दीडशेहून जास्त बायकांचा अनुभव मांडला, त्यातल्या कितीतरी जणींना हेच वाटत होतं की आपण सगळ्यांना फसवलंय, आता पकडले जाणार. डिग्र्या होत्या, पदं होती, तरी.

तुझ्या बाबतीत मला अजून एक दिसतं. आई रात्री पानं भिजवते, सकाळी कात्रीने कापून वळायला बसते, मजुरी हजार विड्यांमागे, मग माल कारखान्यात नेला की तिथे तपासणी, आणि ज्या विड्या बाजूला पडल्या त्यांचे पैसे नाहीत. हे बघत तू वाढलीस. हातातलं काम कोणीतरी बघणार आणि बाजूला काढणार, ही धास्ती तुझ्यात मुरलीय, म्हणून साहेबांचा लाल पेन तुला कारखान्यातल्या तपासणीसारखा वाटतो. पण टिपणी खालून वर जाते तीच मुळी बदलायला, प्रत्येक टेबलावर कोणी ना कोणी काहीतरी घालणार किंवा खोडणार, वीस वर्षं नोकरी झालेल्यांच्या टिपण्या पण रंगून येतात, शेजारच्या टेबलावरची एखादी जुनी फाईल उघडून बघ. शब्द बदलला म्हणून पगार कापत नाहीत बाई.

उद्यापासून टिपणी दोनदाच लिहायची, एकदा कच्ची, एकदा पक्की. अडलं तर जो सिनियर बरा बोलतो त्याला सरळ विचारायचं. आणि न बदलता पुढे गेलेल्या फाईलींची वहीत नोंद ठेव, कारण खोडलेलं तेवढं तुझ्या लक्षात राहतं, बाकीचं नाही.

आता खुशीचं. पेढ्यांचा आनंद वर्षभर पुरत नसतो, कोणालाच. त्याच १९७८ साली अमेरिकेत लॉटरी लागलेल्या २२ जणांचा अभ्यास छापून आला होता, ते बाकीच्यांपेक्षा फार सुखी निघाले नाहीत, उलट रोजच्या बारीकसारीक गोष्टींची मजा त्यांना कमीच वाटत होती. अभ्यास लहान होता, त्यावर मोठे इमले बांधू नयेत, पण माणूस मिळालेल्याला पटकन सरावतो एवढं तर आपण घरोघरी बघतोच. शिवाय ही नोकरी जास्त आईचं स्वप्न होती की तुझं, हे कधी विचारलंस का स्वतःला? आईचं असलं तरी काही बिघडत नाही, फक्त मग तुझं स्वतःचं काहीतरी अजून मागायचं राहिलंय. आणि आईपासून लपवू नकोस, "ऑफिसात भीती वाटते" एवढं बोल तिच्याशी, आयुष्यभर तपासणीला तोंड दिलेली बाई आहे ती, तिला माझ्यापेक्षा जास्त कळेल.

मात्र झोप उडालीय, जेवण जात नाही, कशातच मन लागत नाही असं दोन आठवड्यांच्या वर चाललं असेल तर डॉक्टरांना दाखव. टेली मानस या मानसिक आरोग्याच्या सरकारी हेल्पलाइनचा १४४१६ नंबर फुकट आहे, मराठीत बोलता येतं.

प्रश्न: ताई, मोटिव्हेशनच्या रील बघितल्या की अर्धा तास भारी वाटतं, नंतर दुप्पट डाऊन. काय करू? (दुकानदार, नवी पेठ)

उत्तर: दादा, रीलवाला त्याचा धंदा करतोय, तुम्ही तुमचा करा. रील बघायच्या वेळात उधारीची वही काढा आणि एका गिऱ्हाइकाला फोन लावा, जमल्यास आजच.