लायसन मिळालंय, केळीची रोकड घेऊन सावदा-रावेर फिरतो. पिस्तूल घेऊ की रिव्हॉल्व्हर, अन् जास्तीच्या गोळ्या किती ठेवू?

भाऊ, .32 चं रिव्हॉल्व्हरच घ्या. मी स्वतः तेच बाळगतो, गोळी फुसकी निघाली तर परत चाप दाबला की पुढची समोर येते, पिस्तुलात स्लाइड, म्हणजे वरचा सरकता भाग, हातानं ओढावी लागते अन् घामेजलेल्या हातानं ते ऐनवेळी होत नाही हो. 9 एमएम प्रोहिबिटेड बोअर आहे, म्हणजे साध्या लायसनवर न मिळणारं, त्याच्या नादी लागूच नका. चकरीत (रिव्हॉल्व्हरचा गोळ्या भरायचा फिरता भाग) 6 अन् खिशात 6 पुरे, एकूण साठा मात्र लायसनवर लिहिलाय तेवढाच. घेताना बघून घ्या, पिस्तुलाची .32 ची गोळी आखूड, रिव्हॉल्व्हरची लांब अन् बुडाला काठ असलेली, दुकानदार घाईत भलतीच देतो. फक्त चकरी कमरेला फुगते, शर्ट खोसून घालत असाल तर लगेच दिसेल.