पहिल्या दिवशी फक्त पोचायचं

प्रश्न : ताई, नमस्कार. मी ६१ वर्षांची निवृत्त शिक्षिका. येत्या नोव्हेंबरात आयुष्यात पहिल्यांदाच एकटी परदेशी निघाले आहे, आठ दिवसांसाठी टोकियोला. विमान नारिताला सकाळी साडेसातला उतरतं. हॉटेल शिंजुकु स्थानकाच्या पश्चिमेला आहे, पण खोली दुपारी तीनलाच मिळेल. दिवस वाया जायला नको म्हणून उतरल्या दिवशीच सेन्सोजी मंदिर, उएनोचं राष्ट्रीय संग्रहालय आणि संध्याकाळी शिबुयाचा चौक पाहायचं ठरवलं आहे. मुलगा म्हणतो, विमानतळावरून सरळ टॅक्सी कर. मला जपानी वाचता येत नाही. खरं सांगू? विमानातून बाहेर पडल्यावरचे पहिले तीन तास डोळ्यांसमोर आले की पोटात गोळा येतो. काय करू?

उत्तर : आधी ती यादी दुसऱ्या दिवसावर ढकला, तिन्हीच्या तिन्ही ठिकाणं. टोकियोचं घड्याळ आपल्यापेक्षा साडेतीन तास पुढे आहे. तुम्ही उतराल तेव्हा तिथे साडेसात वाजले असतील, पण तुमच्या शरीराच्या लेखी पहाटेचे चार. रात्रभर खुर्चीत अवघडून बसलेलं, अर्धवट झोपेतलं हे शरीर घेऊन संग्रहालयात शिरलात तर पाहिलेलं काही लक्षात राहणार नाही. म्हणून पहिल्या दिवशी एकच काम ठेवा : नीट पोचणं. आणि पोटातला गोळा जायचा असेल, तर विमानतळाच्या दारापासून हॉटेलच्या दारापर्यंतचा रस्ता घरी बसूनच पाठ करा. बाकी काही पाठ करायची गरज नाही.

टॅक्सीचं म्हणाल तर मुलाची काळजी रास्त आहे, सल्ला मात्र महागात पडेल. नारिता शहराच्या मध्यापासून साठेक किलोमीटर लांब आहे, टॅक्सीचे वीस हजार येनच्या वर जातील. बहुतेक जण रेल्वे सुचवतील. नारिता एक्सप्रेस शिंजुकुला नेते, गाडी उत्तम आहे, पण मी तुम्हाला ती सुचवणार नाही.

का, ते सांगते. माझी पहिली खेप थंडीतली. संध्याकाळी मी त्याच स्थानकावर उतरले. नकाशावर हॉटेल दहा मिनिटांवर दिसत होतं. पण शिंजुकु हे जगातलं सर्वांत वर्दळीचं स्थानक म्हणून गिनीजच्या नोंदीत आहे आणि त्याला दोनशेहून जास्त दारं आहेत. मी पूर्वेकडच्या दाराने बाहेर पडले, हॉटेल पश्चिमेला. बॅग ओढत पलीकडे जायलाच तासभर गेला. पुढे पत्ता सापडेना, कारण टोकियोत बहुतेक रस्त्यांना नावंच नाहीत. पत्त्यात विभाग, मग चोमे म्हणजे उपविभाग, मग गट आणि शेवटी इमारतीचा क्रमांक येतो. रस्त्याच्या नावाची सवय असलेला माणूस तिथे हतबल होतो. शेवटी एका कोबानमध्ये, म्हणजे कोपऱ्यावरच्या छोट्या पोलीस चौकीत गेले. पोलिसाला इंग्रजी येत नव्हतं. माझ्याकडचा जपानीत छापलेला पत्ता पाहून त्याने भिंतीवरच्या नकाशात जागा शोधली, कागदावर तीन रेघा काढून दिल्या आणि वळणापर्यंत स्वतः सोबत आला. त्या कागदाने मला वाचवलं. तुम्हीही हॉटेलचं नाव आणि पत्ता जपानी लिपीत मोठ्या अक्षरांत छापून घ्या. एक प्रत पर्समध्ये, एक कोटाच्या खिशात. फोनची बॅटरी संपली तरी कागद बोलतो.

तर तुम्ही बसने जा. इमिग्रेशनला बोटांचे ठसे आणि फोटो घेतात. दचकू नका, प्रत्येक परदेशी पाहुण्याचे घेतात. ‘व्हिजिट जपान वेब’ या जपान सरकारच्या संकेतस्थळावर माहिती आधीच भरून क्यूआर कोड काढून ठेवलात की ती रांग सोपी जाते. बॅग घेऊन बाहेरच्या दालनात आलात की सेव्हन बँकेचं एटीएम शोधून थोडे येन काढा. मशीनने ‘येनमध्ये की रुपयांत?’ असं विचारलं तर येनच निवडा, रुपयांचा दर नेहमी तोट्याचा असतो. त्याच दालनात एअरपोर्ट लिमोझिन बसची खिडकी असते. नाव भारी असलं तरी ती साधी, आरामशीर बस आहे. पश्चिम शिंजुकुच्या बऱ्याच मोठ्या हॉटेलांच्या दारात ती थांबते. तुमच्या हॉटेलला थांबत नसेल, तर शेजारचं कोणतं आहे ते आजच शोधून ठेवा. बॅगेला चिठ्ठी लावून ती बसच्या पोटात ठेवतात आणि जोडचिठ्ठी तुमच्या हातात देतात. पुढचे दोनेक तास खिडकीतून शहर पाहायचं. स्थानकाच्या चक्रव्यूहात शिरायचंच नाही.

खोली तीनला मिळाली तरी बॅग हॉटेलवाले आधीच ठेवून घेतात. फक्त पासपोर्ट बॅगेत राहू देऊ नका. परदेशी पाहुण्याने तो कायम जवळ बाळगावा असा तिथला कायदाच आहे.

मग मोकळ्या हाताने फिरायला निघा, पण पायी जाता येईल तेवढंच. टोकियो महानगर सरकारची जुळ्या मनोऱ्यांची इमारत पश्चिम शिंजुकुतच आहे. तिच्या पंचेचाळिसाव्या मजल्यावर, २०२ मीटर उंचीवर, फुकटात जाता येतं आणि हवा स्वच्छ असेल तर फुजी दिसतो. अनोळखी शहर पहिल्यांदा वरून पाहिलं की त्याची भीती पुष्कळ कमी होते, हा माझा अनुभव आहे. शेजारच्या बागेत उन्हात बसा. शरीराचं घड्याळ पुढे सरकायला उजेडासारखं औषध नाही. नोव्हेंबरात तिथे साडेचारच्या सुमारास सूर्य मावळतो, तेव्हा तुमच्या शरीरात दुपारचा एकच वाजलेला असेल. अंधाराने घाबरून जाऊ नका, पण त्याआधी खोलीत परतलेलं बरं. तीनला खोली मिळाल्यावर पलंगावर आडवं व्हायचा मोह आवरा. फारच वाटलं तर गजर लावून वीस मिनिटं. एरवी रात्री नऊपर्यंत कसंही जागं राहा.

आता तुमची यादी. जपानची पहिली भुयारी रेल्वे १९२७ साली असाकुसा ते उएनो अशी सुरू झाली, तोच आजचा गिंझा मार्ग. सेन्सोजी असाकुसाला आहे, उएनो तिथून तिसरं स्थानक आणि या मार्गाचं दुसरं टोक शिबुयाला. तुमची तिन्ही ठिकाणं एका सरळ मार्गावर आहेत! दुसऱ्या दिवशी शिंजुकुहून चुओ या रेल्वेमार्गाने कांदा स्थानकाला जा, तिथे गिंझा मार्गाची गाडी घ्या, आणि असाकुसापासून सुरुवात करा. तो सोमवार मात्र नसावा, संग्रहालय त्या दिवशी साधारणपणे बंद असतं.