कागदावरचं काम आणि ‘भायलो’ चित्रकार

प्रश्न : मी मूळचा चंदगडचा. जी. डी. आर्ट करून नोकरीसाठी गोव्यात आलो. दिवसा पणजीत एका जाहिरात कंपनीत लेआउट करतो आणि रात्री खोलीवर पेन-शाईने चित्रं काढतो. रंग जवळजवळ नसतोच. दोन गॅलऱ्यांत काम दाखवलं. एकीकडे म्हणाले, ‘स्केचेस छान आहेत, आता यांची पेंटिंग्ज करा.’ दुसरीकडे चर्च आणि समुद्र मागितला. त्यात मी पडलो भायलो, म्हणजे बाहेरचा. नुसत्या रेखाटनावर चित्रकार म्हणून उभं राहता येईल का? चार चित्रांचे फोटो सोबत पाठवतो आहे. — एक वाचक, पर्वरी

उत्तर : येईल, पण नोकरी एवढ्यात सोडू नका. मीही मिरजेहून डिचोलीत आले, शाळेत ड्रॉइंग शिकवून संसार केला आणि चारकोलचं काम सुट्टीत. (सून म्हणून आलं की गाव लवकर आपलं म्हणतं, हेही खरं. नोकरीसाठी आलेल्याला जरा वाट पाहावी लागते.)

‘पेंटिंग्ज करा’ हा सल्ला फार मनाला लावून घेऊ नका. कागदाला माउंट (चित्राभोवतीची पुठ्ठ्याची चौकट) लागतो, काच लागते, पावसाळ्यात जपावा लागतो आणि कॅनव्हासच्या मानाने त्याला भाव कमी. विक्रीतला तिसरा हिस्सा ते निम्मी रक्कम गॅलरी घेते, म्हणजे स्वस्त चित्रात तिचाही वाटा आटतो. त्यांच्या जागी तो हिशेब बरोबर असेल. तुम्ही त्यासाठी ॲक्रिलिक हातात घ्यायचं कारण नाही.

नसरीन मोहम्मदींचं काम पाहा. जन्म कराचीचा, १९३७चा. वाढल्या मुंबईत, शिकल्या लंडनला, १९७२पासून बडोद्यात शिकवत होत्या आणि १९९०मध्ये आपल्या अलिबागजवळच्या किहीमला वारल्या. उत्तरायुष्यातल्या त्यांच्या चित्रांत पेन्सिल, शाई आणि पट्टीने मारलेल्या रेघा, बस्स! ना माणूस, ना झाड. न्यूयॉर्कच्या मेट संग्रहालयाने २०१६मध्ये नवी शाखा उघडली तेव्हा सुरुवातीच्या प्रदर्शनांत एक त्यांचं होतं. त्यांच्या पश्चात, हे मात्र कडू आहे.

आता तुमची चित्रं. चर्चचं चित्र पोस्टकार्डासारखं झालंय, ते बाजूला ठेवा. गोव्यात पेन उचललं की व्यंगचित्रकार मारिओ मिरांडांची सावली पडतेच, आणि त्यांची नक्कल करून पोट भरणारे आधीच पुष्कळ आहेत. रायबंदर-चोडण फेरीबोटीवरच्या साखळदंडाचं चित्र मात्र मी पुन्हा पुन्हा पाहिलं. वरच्या कड्या अगदी मोजून-मापून, लेआउटवाल्याच्या हाताने काढल्यात. खाली येता येता हात सैल होतो, कडीचा गोल तुटतो आणि गंज नुसत्या ठिपक्यांतून उभा राहतो. तिथे तुम्ही कोणासारखेच नाही. याच मापाच्या कागदावर फेरीबोटीचीच दहा-बारा चित्रं करा आणि मग गॅलरीत जा. चार विषयांची चार चित्रं पाहून कोणी भिंत देत नाही.

विकायच्या चित्राला बॉलपेन आणि साधे मार्कर नकोत, उजेडात उडतात. काळी कार्बन शाई टिकते, पेन्सिलही टिकते. प्रत्येक चित्र हातावेगळं होण्याआधी स्कॅन करा आणि मागे पेन्सिलने साल, माप, साहित्य लिहा. पोंबुर्प्याचे चित्रकार वामन नावेलकर लिस्बन, मोझांबिक, पुन्हा लिस्बन असे फिरले. १९७६च्या त्या परतीच्या प्रवासात चित्रांनी भरलेली त्यांची सूटकेस गहाळ झाली ती झालीच. पुढे ते गावी परतले आणि २०२१मध्ये गेले. तुमच्याकडे निदान फोन आहे.

भायलेपणाचं म्हणाल तर साळगावचे चित्रकार फ्रान्सिस न्यूटन सोझा १९४९मध्ये लंडनला आणि १९६७मध्ये न्यूयॉर्कला गेले, मडगावचे लक्ष्मण पै दहाएक वर्षं पॅरिसला राहिले. परमुलखात चित्रकार कसा राहतो हे इथल्या चित्रकारांना वेगळं सांगावं लागत नाही. अडतं ते कागदपत्रांपाशी. जिथे पंधरा वर्षांच्या रहिवासाचा दाखला मागतात, तिथे खेटे घालू नका. बॉम्बे आर्ट सोसायटी १८८८पासूनची आहे, तिच्या वार्षिक प्रदर्शनाला चित्र पाठवा. केंद्राच्या सांस्कृतिक मंत्रालयाची १८ ते २५ वयाच्या कलाकारांसाठी दोन वर्षांची शिष्यवृत्ती असते. पंचविशी ओलांडली असेल तर चाळिशीपर्यंत ज्युनियर फेलोशिप आहे. जाहिरात निघाली की अर्ज टाका. आणि पणजीत आल्तिनोवर सुनापरांत या कलाकेंद्रात प्रदर्शन असलं की संध्याकाळी चक्कर मारत जा. ओळखी तिथेच होतात, ईमेलने नाही.

प्रश्न : पावसाळ्यात माझ्या फ्रेम केलेल्या चित्रांवर बुरशी आणि तपकिरी ठिपके आले. काय करू? — एक वाचक, म्हापसा

उत्तर : फ्रेम उघडा. बहुतेक कागद काचेला चिकटलेला असेल, मध्ये माउंट नसेल. बुरशी ओली असताना हात लावू नका. सावलीत, पंख्याच्या वाऱ्यावर कागद सुकू द्या. मग तोंडाला मास्क लावून घराबाहेर मऊ ब्रशने हलकेच झटका, आणि चारकोल असेल तर तेही नको. ओलं फडकं मुळीच नाही. परत फ्रेम करताना आम्लमुक्त माउंट घाला आणि पाऊस झोडपतो त्या भिंतीवर टांगू नका. सुटी चित्रं वर्तमानपत्रात गुंडाळू नयेत. ती लोखंडी कपाटात, सिलिका जेलच्या पुड्यांसोबत ठेवा, आणि पुड्या मधूनमधून बदला. तपकिरी ठिपके ब्रशने जाणार नाहीत. ते घालवायला कोणी ब्लीच सुचवलं तर ऐकू नका.