एक विषय राहिला म्हणून गावाकडं जाऊ नकोस

तुझा मेसेज वाचला. पहिल्याच सेमिस्टरला गणित राहिलं, आता गावाकडं जाऊन शेती बघतो म्हणतोस. थांब जरा. माझे दोन विषय राहिले होते. निकालाचा कागद आठ दिवस घडी घालून पाकिटात ठेवला होता, घरी सांगायची हिंमत होत नव्हती.

मला सावरलं ते एका दोनशे पानी वहीनं. रोज झोपण्याआधी एकच ओळ लिहायची: आज काय जमलं. ‘इंटिग्रेशनची चार उदाहरणं, त्यातलं एक पुस्तक न बघता.’ राहिलेलं त्यात लिहायचं नाही, ते तसंही डोक्यात फिरतच असतं. महिन्यानं मागची पानं चाळलीस की कळतं, आपण जागचे हललोय. चार तासांचं टाइमटेबल भिंतीला चिकटवून तिसऱ्या दिवशी मोडण्यापेक्षा रोज पाऊण तास बस.

मराठी माध्यमातून आलास, इंग्रजी पुस्तक अंगावर येतं, हे मला ठाऊक आहे. एक परिच्छेद वाच आणि रूममेटला आपल्या भाषेत समजावून सांग.

संभाजीनगरच्या आपल्या विद्यापीठाच्या गेटवरून जाताना वर बघत जा. नामांतराचा ठराव विधिमंडळात झाला १९७८ साली, बाबासाहेबांचं नाव लागलं १४ जानेवारी १९९४ ला. मधली सोळा वर्षं माणसं तगून राहिली, काहींचे जीव गेले. मला तिथं उभं राहिलं की धीर येतो.

परीक्षेचा फॉर्म भरायची तारीख आधी बघून ठेव. रविवारी हॉस्टेलला ये, जुन्या प्रश्नपत्रिका देतो. घरी मात्र आजच फोन कर.